धनवंतांच्या दानाने जगातील गरिबी हटेल का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागच्या अंकात आम्ही एक छोटे टिपण छापले होते. अमेरिकेतील उद्योगपती बिल गेट्स यांनी मे २०२५ मध्ये केलेल्या घोषणेनुसार त्यांची संस्था येत्या २० वर्षांत सुमारे २०० अब्ज डॉलर खर्च करणार असून २०४५ च्या अखेरीस ती कायमची बंद केली जाणार आहे, एवढीच माहिती त्यात होती. त्यावर विदर्भाच्या निरनिराळ्या तालुक्यांतून पत्रे आली. त्यांतील तीन येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न: महोदय, मागच्या अंकातील टिपण मी रात्री घरात सर्वांना वाचून दाखवले. आमची पाच एकर कोरडवाहू शेती आहे, पऱ्हाटी आणि तूर असते. टिपण ऐकून सासूबाईंनी विचारले, “एवढा पैसा वाटला तर जगात गरीब उरेल तरी कोण?” मला उत्तर देता आले नाही. माझे स्वतःचे मन मात्र दानाविषयी खट्टू झालेले आहे. चार वर्षांपूर्वी एका कंपनीने आमच्या गावात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवून दिले. मंडप पडला, फीत कापली गेली, फोटो निघाले. दीड वर्षात यंत्र बंद पडले आणि आज त्या खोलीत कुटाराची पोती ठेवलेली आहेत. मोठ्या लोकांच्या दानाने खरोखर गरिबी कमी होते का?
— एक शेतकरी भगिनी, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर: सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर हिशेबाने देता येते, म्हणून आधी हिशेब मांडू. जागतिक बँकेने जून २०२५ पासून अतिगरिबीची रेषा माणशी दररोज ३ डॉलर अशी धरली आहे. हा डॉलर बँकेत बदलून मिळणाऱ्या भावाचा नव्हे. अमेरिकेत ३ डॉलरमध्ये जेवढे सामान येते तेवढे आपापल्या देशात घेता येईल इतकी रक्कम, असा त्याचा अर्थ आहे. त्या रेषेखाली आज जगात सुमारे ८० कोटी माणसे आहेत. गेट्स यांचे २०० अब्ज डॉलर २० वर्षांत विभागले तर वर्षाला १० अब्ज होतात, आणि ते ८० कोटी माणसांत सारखे वाटले तर एकाच्या वाट्याला वर्षाला साडेबारा डॉलर, म्हणजे अकराशे रुपयांच्या आसपास रक्कम येते. आपल्याकडे निंदणाला जाणाऱ्या बाईची ती चार दिवसांची मजुरी झाली. जगातल्या सर्वांत मोठ्या दात्यांपैकी एकाचे दानही सर्वांना वाटायला घेतले तर एवढेच उरते, हे सासूबाईंना सांगावे.

परंतु म्हणून दान निरुपयोगी ठरत नाही. दानाचा पैसा विरजणासारखा असतो, असे माझे मत आहे. वाटीभर विरजणाने घरातल्या कोणाचे पोट भरत नाही, मात्र पातेले भरून दूध तयार असेल तर तेच विरजण सगळ्याचे दही करते. दूध कोणाचे आणि ते पातेल्यात कोण ओतणार, यावर पुढचे सगळे अवलंबून राहते. याचे उत्तम उदाहरण आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात आहे, आणि ते जरा सविस्तर सांगण्यासारखे आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. खेड्यात जन्मलेले मूल पहिल्या महिन्यातच दगावण्याचे प्रमाण तेव्हा भयंकर होते, आणि अशा बाळाला वाचवायचे तर दवाखान्यातच न्यावे लागते असे वैद्यकशास्त्र धरून चालले होते. दवाखाना मात्र दूर, रस्ता पावसाळ्यात बंद, आणि बाळंतीण घराबाहेर पडणार नाही अशी रीत. तेव्हा या डॉक्टरांनी गावातल्याच अल्पशिक्षित बायांना शिकवून तयार केले. नवजात बाळाचे वजन कसे करावे, त्याला ऊब कशी द्यावी, श्वास मोजून न्यूमोनिया कसा ओळखावा, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यावा आणि जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन कसे द्यावे, हे सारे त्या शिकल्या. ३९ गावांत हे काम झाले आणि शेजारच्या ४७ गावांशी त्याची तुलना केली गेली. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू तुलनेतल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटलेले आढळले. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या कामाला अमेरिकेतील मॅकआर्थर आणि फोर्ड या दोन प्रतिष्ठानांनी आर्थिक साहाय्य केले होते, म्हणजे एकेकाळच्या अतिश्रीमंतांनी मागे ठेवलेल्या संपत्तीचा एक लहानसा ओघ गडचिरोलीच्या झोपडीपर्यंत पोहोचला होता.

पण पुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. २०११ मध्ये भारत सरकारने नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याची ही पद्धत ‘आशां’मार्फत देशभर लागू केली. आज आपल्या गावातली आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येते, बाळाचे वजन करते, ताप पाहते, ते या प्रयोगातून आलेले आहे. देशभरातल्या आशांना मोबदला देण्याइतका पैसा कोणत्याही प्रतिष्ठानाकडे नाही. प्रतिष्ठानांच्या पैशाने एक गोष्ट सिद्ध झाली. ती घरोघर पोहोचली करदात्यांच्या पैशाने आणि या बायांच्या पायपिटीने, ज्यांना त्या कष्टांच्या मानाने आजही फार थोडे मिळते.

दुसरे उदाहरण आपल्या सासूबाईंना अधिक जवळचे वाटेल. त्यांच्या तरुणपणी ‘हायब्रीड’ आली असेल. ज्वारीचे सीएसएच-१ हे पहिले संकरित वाण १९६४ मध्ये प्रसारित झाले आणि त्यामागच्या संशोधनात अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानाचे साहाय्य होते. तेलाच्या धंद्यातून उभ्या राहिलेल्या संपत्तीतून १९१३ मध्ये हे प्रतिष्ठान स्थापन झाले. आपल्याच पुसदचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री होते आणि त्यांनी हे बियाणे गावोगाव नेण्यासाठी सरकारी यंत्रणा कामाला लावली. धान्य वाढले हे निर्विवाद आहे. तरी त्या वेळच्या जाणत्या शेतकऱ्यांच्या तक्रारीही खऱ्या होत्या: ताट बुटके असल्याने कडबा कमी निघे, कणसात पाऊस सापडला की दाणा काळा पडे, आणि भाकरीला जुन्या ज्वारीची चव नव्हती. कडबा कमी म्हणजे बैलांचा घास कमी, हे दूरच्या प्रयोगशाळेला उशिरा कळते. देणाऱ्याचा हेतू चांगला असूनही घेणाऱ्याला आधी विचारले नाही तर असे होते. विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये जाहीर झालेल्या ३,७५० कोटी रुपयांच्या पॅकेजातही दुभत्या गायी वाटल्या गेल्या होत्या, आणि ज्याच्याकडे स्वतःच्या बैलजोडीलाच चारा पुरत नव्हता त्याने त्या गायीला काय घालावे, हा प्रश्न गाय दारात आल्यावर उभा राहिला. तो पैसा सरकारचा होता, एवढाच काय तो फरक.

आता गरिबी कमी होण्याविषयी. रोग आणि मृत्यू कमी करण्यात दानाला जे यश आले तसे माणसाची कमाई वाढवण्यात आलेले नाही, आणि गरिबी शेवटी कमाईची गोष्ट आहे. चीनमध्ये गेल्या चाळीस वर्षांत सुमारे ८० कोटी माणसे अतिगरिबीतून बाहेर आली. १९७८ नंतर शेतकऱ्याला कसायला जमीन आणि तिच्या उत्पन्नावर हक्क मिळाला, पुढे कारखाने आले, रोजगार वाढला. यात कोणा दानशूराचा मोठा वाटा नव्हता. भारतात ३ डॉलरच्या रेषेखालचे लोक २०११-१२ मध्ये २७.१ टक्के होते ते २०२२-२३ मध्ये ५.३ टक्के राहिले, असा जागतिक बँकेचा अंदाज आहे. ही रेषा फार खाली आखलेली आहे, हे मात्र विसरता कामा नये. तिच्या वर आलेला शेतकरी सावकाराच्या दारातून सुटला असा तिचा अर्थ होत नाही.

आपण पऱ्हाटी पेरता, म्हणून कापसाचेच पाहा. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या देशांत आपल्यासारखेच कोरडवाहू कापूस पिकवणारे लाखो शेतकरी आहेत. अमेरिका आपल्या मोजक्या मोठ्या कापूस उत्पादकांना अनुदान देते, त्यामुळे जगाच्या बाजारात भाव पडतो आणि आमचे शेतकरी मरतात, अशी तक्रार या चार देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेपुढे मांडली. त्यांनी देणगी मागितली नव्हती, अनुदान थांबवा एवढेच म्हटले होते, आणि ते गाऱ्हाणे आजतागायत पुरतेपणी मिटलेले नाही. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि ती माफी पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. वेचणीच्या ऐन हंगामात बाहेरचा कापूस बिनशुल्क आला तर खेडा खरेदीत कोणता भाव सांगितला जातो, हे आपल्याला मी सांगावे असे नाही. मध्यम धाग्याचा हमीभाव त्या हंगामासाठी क्विंटलला ७,७१० रुपये होता. हमीभावाखाली क्विंटलमागे हजार रुपयांचे नुकसान झाले, तर जगातल्या मोठ्या दात्याच्या दानातला वर हिशेब केलेला माणशी वर्षाचा वाटा एका क्विंटलातच जवळजवळ संपतो.

राहिले आपल्या गावातले यंत्र. बहुधा ते दान नसावे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, त्यालाच आपण सीएसआर निधी म्हणतो. यंत्र बसवणे हा एकदाचा खर्च असतो; त्यातली गाळणी ठरावीक काळाने बदलावी लागते, विजेचे बिल येते, चालवणाऱ्याला पगार द्यावा लागतो, आणि हा खर्च दरवर्षीचा असतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या कित्येक गावांच्या पाण्यात फ्लोराइड आहे, त्यामुळे असे यंत्र चैनीची वस्तू नव्हे. ग्रामसभेत ठराव घेऊन जारमागे किती पैसे घ्यायचे, ते कोणत्या खात्यात ठेवायचे आणि दुरुस्ती कोणाकडून करून घ्यायची, हे तीन मुद्दे नक्की करावेत आणि त्याच ठरावाची प्रत कंपनीला पाठवून दुरुस्तीचा खर्च मागावा. कुटाराची पोती हलवावी लागतील, पण यंत्र कदाचित अजून वाचेल.

प्रश्न: फोर्ब्स नियतकालिकाच्या २०२५ च्या यादीनुसार जगात ३,०२८ अब्जाधीश असून त्यांची एकूण संपत्ती १६.१ लाख कोटी डॉलर आहे. ही सगळी संपत्ती गरिबांत वाटली तर प्रश्न सुटेल ना? की फुकटच्या पैशाने लोक आळशी होतील?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर: भागाकार केला तर ८० कोटींपैकी प्रत्येकाला सुमारे २० हजार डॉलर येतात, हे खरे आहे. परंतु ही संपत्ती तिजोरीतल्या नोटा नव्हेत. ती बहुतांश कंपन्यांच्या समभागांत आहे आणि सगळे समभाग एकाच दिवशी विकायला काढले तर त्यांची किंमतच राहणार नाही. म्हणून सगळ्याचा विचार सोडून केवळ १ टक्क्याचा करा. संपत्तीचा दरवर्षी १ टक्का म्हणजे १६१ अब्ज डॉलर. सर्व श्रीमंत देशांच्या सरकारांनी मिळून २०२४ मध्ये दिलेली अधिकृत विकासमदत सुमारे २१२ अब्ज डॉलर होती, त्याच्या तीन चतुर्थांशाइतकी ही रक्कम झाली. तेव्हा पैसा अपुरा आहे असे कोणी म्हणू नये.

अडचण इच्छेची आहे. गेट्स दांपत्य आणि वॉरन बफे यांनी २०१० मध्ये श्रीमंतांनी निम्म्याहून अधिक संपत्ती दान करण्याच्या प्रतिज्ञेची मोहीम सुरू केली. भारतातून अझीम प्रेमजी यांनी २०१३ मध्ये सर्वप्रथम ती प्रतिज्ञा घेतली आणि ती मनापासून पाळलीही, याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. जगातल्या तीन हजारांहून अधिक अब्जाधीशांपैकी या प्रतिज्ञेवर सह्या करणारे मात्र अडीचशेच्या आसपास आहेत, आणि त्या प्रतिज्ञेला कायद्याचे बंधन नाही. म्हणूनच २०२४ मध्ये ब्राझीलकडे जी-२० गटाचे अध्यक्षपद असताना गाब्रिएल झुकमन या अर्थतज्ज्ञांनी अब्जाधीशांच्या संपत्तीवर वर्षाला किमान २ टक्के कर असावा, त्यातून २०० ते २५० अब्ज डॉलर मिळतील, असा प्रस्ताव मांडला. तो अजून अमलात आलेला नाही. मला स्वतःला हा मार्ग दानापेक्षा अधिक सरळ वाटतो.

आळसाच्या शंकेविषयी केनियातला अनुभव सांगतो. तेथे ‘गिव्हडायरेक्टली’ या संस्थेने सुमारे १०,५०० गरीब कुटुंबांना प्रत्येकी जवळजवळ १,००० डॉलर, कोणतीही अट न घालता, थेट दिले. ६५३ गावांत त्याचा अभ्यास झाला आणि २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे त्या भागातली उलाढाल सुमारे अडीच डॉलरने वाढली, कारण कुटुंबांनी पत्रे घेतले, धान्य घेतले, गवंड्याला काम दिले, आणि तो पैसा ज्यांना दान मिळालेच नव्हते अशा दुकानदार-मजुरांपर्यंतही गेला. महागाई नगण्य वाढली. दुसऱ्याच्या हातात पैसा आला की तो बसून खाईल, ही शंका आपण आपल्याच गावातल्या मजुरांविषयीही सहज बोलून दाखवतो. ती तपासून पाहावी.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. महात्मा गांधींनी श्रीमंतांना विश्वस्त व्हायला सांगितले. प्रत्यक्षात ज्याने मजुराला पिळून धन मिळवले त्याच्याच दानाला आपण टाळ्या वाजवतो. आमच्या शिवारात एका कारखान्याची धूळ पिकांवर बसते आणि तोच कारखाना आता आमच्या शाळेला चार खोल्या बांधून देतो म्हणतो. त्या घ्याव्यात का?
— एक वाचक, वर्धा नदीकाठचे गाव

उत्तर: गुरुजी, आपण विचारलेला प्रश्न जगाच्या दानाच्या इतिहासात फार जुना आहे. पोलादाच्या धंद्यात अफाट पैसा मिळवणारे अँड्र्यू कार्नेगी यांनी १८८९ मध्ये लिहिले की जो माणूस श्रीमंत असतानाच मरतो तो कलंकित होऊन मरतो. त्यांनी पुढे अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांना पैसा दिला. मात्र १८९२ मध्ये त्यांच्याच होमस्टेड येथील कारखान्यात मजुरीच्या कपातीवरून संप झाला, गोळीबारात माणसे मेली आणि मजुरांची संघटना मोडली गेली. त्या मजुराला बारा तासांच्या कामानंतर ग्रंथालयात जाऊन बसण्याइतके त्राण उरत असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आपल्या वर्ध्यात याहून निराळे उदाहरण घडले. जमनालाल बजाज यांनी केवळ पैसा दिला नाही. १९२८ मध्ये त्यांनी आपल्या कुटुंबाचे लक्ष्मीनारायण मंदिर तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले केले आणि त्याबद्दल स्वतःच्या समाजाचा रोष पत्करला. ज्या सेगावात त्यांची जमीन होती तेथेच १९३६ मध्ये गांधीजी राहायला आले आणि त्याचे सेवाग्राम झाले. असा श्रीमंत माणूस विरळा असतो, आणि विरळ्या माणसाच्या भरवशावर व्यवस्था उभी करता येत नाही. पवनारच्या विनोबांनी भूमिहीनांसाठी जमिनीचे दान मागून हेच सर्वांत मोठ्या प्रमाणावर करून पाहिले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत १०० एकरांचे पहिले दान मिळाले, ५ कोटी एकरांचा संकल्प झाला, आणि वर्षानुवर्षांच्या पदयात्रेनंतर ४० लाखांहून थोडी अधिक जमीन पदरात पडली, तीतलीही बरीचशी खडकाळ किंवा वादातली होती. विनोबांइतक्या नैतिक अधिकाराचा मागणारा पुन्हा मिळणे कठीण. त्यांनाही देणाऱ्यांनी बहुधा आपल्याला नको असलेलेच दिले.

याउलट १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने काय केले, ते आपण आपल्या विद्यार्थ्यांना शिकवले असेल. रोजगार हमीच्या कामांसाठी नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले चार पैसे यवतमाळच्या मजुराच्या बांधबंदिस्तीच्या कामावर आले. देणाऱ्याचे नाव कोणत्याही फलकावर लागले नाही आणि घेणाऱ्याला कोणाचे उपकार मानावे लागले नाहीत. त्याच धर्तीवर २००५ मध्ये देशाचा कायदा झाला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने तर दान मागितलेच नाही. त्यांनी जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळवला, आणि बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतुकीचे पासबुक २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात येऊन ग्रामसभेच्या हाती द्यावे लागले. बांबू त्याच जंगलात पूर्वीही होता.

आता चार खोल्यांचे. त्या घ्याव्यात, असे माझे मत आहे, कारण मुले पावसाळ्यात गळक्या छपराखाली बसलेली असताना आपण तत्त्व सांभाळत बसणे त्यांच्यावर अन्यायाचे होईल. परंतु खोल्यांचा आणि धुळीचा कागद वेगळा ठेवावा. ग्रामसभेने खोल्या स्वीकारण्याचा ठराव करताना त्यात कारखान्याविरुद्धची कोणतीही तक्रार मागे घेतल्याचे वाक्य येऊ देऊ नये, आणि त्याच बैठकीत धुळीने झालेल्या पिकाच्या नुकसानीचा पंचनामा मागणारा दुसरा ठराव लिहावा. पंचनामा तलाठी व कृषी सहायक यांच्याकडून, शेताच्या गटक्रमांकासह, फुलोऱ्याच्या वेळीच करून घ्यावा. वेचणी झाल्यावर धूळ दाखवता येत नाही.